नैरोबीला गेलेलं कोरड्या विहिरीचं पत्र

सिस्टर बेनेडिक्टा यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती खरकट्या पाण्यावरून. मी तेव्हा नुकती बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला लागले होते. मालक वारलेले, पदरात एकुलता एक योहान. सिस्टर वसईहून नव्याने आल्या होत्या आणि मागच्या दाराशी उभ्या होत्या. मी भांडी विसळून पाणी फेकलं. त्या म्हणाल्या, "बाई, हे पाणी कुठे चाललं?" मी म्हटलं, गटारात. तर म्हणतात, "गटाराला तहान लागली होती का?" मला राग आला. नव्या आलेल्या बाईने पहिल्याच दिवशी टोचून बोलावं? पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी स्वतःच्या हाताने गटाराच्या तोंडाशी लिंबाचं रोप लावलेलं. त्या लिंबाचं लोणचं आज बोर्डिंगच्या मुली खातात. मीच घालते, बिनतेलाचं.

त्या सिस्टर यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या गौरवाचा हा अंक निघतोय तर मावशी, तुम्हीही लिहा, असं आपल्या मराठीच्या गुरुजींनी सांगितलं. मी म्हटलं, मी दुसरीतून उठलेली बाई, मी काय लिहिणार? ते म्हणाले, या अंकाच्या प्रती आफ्रिकेलाही जाणार आहेत. तिकडचे आईबाप मुली पाठवायच्या आधी शाळा कशी आहे म्हणून विचारतात. निकालाचं आणि गणिताचं आम्ही लिहू, मुली राहतात कशा ते तुम्ही लिहा. हे मात्र मला पटलं. राहणं-खाणं मला विचारावं, गुरुजींना नाही. त्यांना अजून मेथी आणि शेपू ओळखता येत नाही.

तर परगावच्या आणि परमुलखातल्या आयांनो, आपली शाळा नेवासा तालुक्यात, सोनईच्या अलीकडे, माळावर आहे. पाचवी ते अकरावी, मुलींची, कॅथलिक सिस्टरांची. सकाळी घंटा, मग प्रार्थना, मग कांजी. रविवारी चर्च. ज्या मुली ख्रिस्ती नाहीत त्या त्या वेळात अभ्यास करतात किंवा वेण्या घालत बसतात. सक्ती नाही. सोनईच्या किराणा दुकानदाराची रझिया बोर्डिंगला होती तेव्हा रमजानात दिवस मावळताना तिच्यापुढे खजूर आणि गरम भजी आली पाहिजेत, हे काम सिस्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं. एक दिवस मी विसरले. तर त्या घंटा द्यायच्या थांबल्या आणि स्वतः पिठात हात घालायला आल्या. पोरगी दिवसभर थुंकी गिळत बसली आहे, सगुणाबाई, म्हणाल्या, आपण पाच मिनिटं विसरलो तर तिला ती पाच तास वाटतात. पुन्हा नाही विसरले.

आमच्या शाळेची एक रीत मुद्दाम सांगते, कारण नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तीच बघून रडते. इथे प्रत्येक मुलीला एक झाड मिळतं. आंघोळ करायची ती घमेल्यात उभं राहून, आणि ते पाणी आपल्या झाडाला नेऊन घालायचं. सकाळी सहा वाजता ओल्या केसांच्या पोरी घमेली घेऊन रांगेने माळावर निघतात. सिस्टर संध्याकाळी काठी टेकत झाडांमधून एक चक्कर मारतात. झाड सुकलेलं दिसलं की त्या मुलीला बोलावतात, घरून पत्र आलं का विचारतात, पोटात दुखतं का विचारतात. कितीदा तरी ताप, घरची आठवण, आईचं आजारपण त्यांना झाडावरून कळलं आहे. त्या स्वतः गणित शिकवतात, पण मला वाटतं त्यांचं खरं शिकवणं ते हेच.

आता परवाच्या दुष्काळाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय सिस्टर काय आहेत ते कळायचं नाही.

आमची विहीर दिवाळीलाच आटली. एका दिवसाआड टँकर यायचा. खायला रेशनची तांबडी मिलो. अमेरिकेची ज्वारी म्हणत तिला, पण आमच्या ज्वारीशी तिचं काही नातं नव्हतं. थापायला घेतली की तुटायची आणि गिळताना घशात अडायची. गावोगावचे बाप येऊन मुलींना दुष्काळी कामावर खडी फोडायला घेऊन गेले. अर्ध्या खाटा रिकाम्या झाल्या. मग वरून, म्हणजे सिस्टरांच्या पुण्याच्या मुख्य मठातून, पत्र आलं की एवढ्या कमी मुलींसाठी वरचे वर्ग चालवता येणार नाहीत, जूनपासून आठवीपर्यंतच शाळा ठेवावी.

माझी नात मार्था तेव्हा दहावीत होती. म्हणजे मॅट्रिकला एक वर्ष राहिलेलं. आमच्या सात पिढ्यांत कोणी मॅट्रिक झालेलं नाही. योहान, माझा मुलगा, दर आठवड्याला यायचा आणि तेच बोलायचा. "आये, शाळाच बंद व्हायला लागलीय तर तिनं हितं बसून काय करायचं? कामावर नाव लावलंय तिचं." मी त्याला थोपवत होते.

तेवढ्यात नैरोबीहून पत्र आलं. तिकडे स्थायिक झालेल्या एका गोव्याच्या कुटुंबाचं. तिथे आपल्या माणसांचं पुढं काय होईल याचा भरवसा वाटत नाही, मुलीला हिंदुस्थानात शिकवायचं आहे, जमलं तर तिच्या चुलतबहिणींनाही, तर तुमच्या शाळेची माहिती कळवा. धाकट्या सिस्टर फ्लोरा आनंदाने नाचायच्या बाकी राहिल्या. तीन मुली आल्या तर त्यांच्यामागून आणखी येतील आणि वरचे वर्ग राहतील. त्यांनी बागेचा जुना फोटो शोधून काढला, हौद भरलेला होता तेव्हाचा.

सिस्टर बेनेडिक्टा कागद घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी तवा उतरवत होते. त्यांनी लिहिलं ते मराठीतून मला वाचून दाखवलं. शिक्षक चांगले आहेत, गणित आम्ही उत्तम शिकवतो. पियानो नाही, एक पेटी आहे. आमची विहीर कोरडी आहे. मुलीला दिवसाला एक बादली पाणी मिळेल. जेवायला सध्या तांबड्या ज्वारीची भाकरी आहे आणि ती कुणालाच आवडत नाही. मी म्हटलं, सिस्टर, असं लिहिल्यावर कोण येईल? त्या म्हणाल्या, "जी मुलगी येईल ती या विहिरीवर येईल, सगुणाबाई. फोटोतल्या हौदावर येणार नाही." आणि पाकीट चिकटवून मोकळ्या झाल्या. माझ्या नातीची मॅट्रिक त्यांनी पाकिटात घालून समुद्रापलीकडे फेकली असं मला वाटलं.

तरी ती माणसं आली. गोव्याला सुट्टीवर आली होती, तिथून शाळा बघायला येतो असं कळवलं. आता माझी चूक सांगते. या अंकात लिहू नये असं गुरुजी म्हणाले, पण मी लिहिणार.

त्या दिवशी टँकरचा वार होता. सिस्टर चर्चमध्ये होत्या. मरियामाउलीच्या पुतळ्यापुढचा हौद किती महिने कोरडा, तळाला पानं. मी टँकरवाल्याला म्हटलं, आधी इथं सोड. तो म्हणाला, मावशी, प्यायचं पाणी हाय हे. मी म्हटलं, मला शिकवू नको, सोड. हौद काठोकाठ भरला. मार्था धावत आली. आज्जे, उद्याचं पाणी हाय ते, म्हणाली. मी तिला गप केलं. तुझ्यासाठीच करतीय म्हटलं. मग आत जाऊन सणासाठी ठेवलेले गहू दळलेले होते त्यांच्या पोळ्या लाटायला घेतल्या.

टॅक्सी आली. साहेब, बाई आणि तेरा वर्षांची रोझी. आफ्रिकेची म्हणजे कशी असेल असं मुली महिनाभर बोलत होत्या, तर उतरली आपल्यासारखीच सावळी पोर, फ्रॉक आणि पांढरे मोजे घातलेली, आणि आईशी कोकणीत कुरकुर करत. धुळीने माखली होती. हौद बघितला तशी मोजे काढून सरळ पाय आत सोडून बसली. साबण काढला, तोंड धुतलं, दंड धुतले. मुली ओळीत उभ्या होत्या. शिस्तच तशी. फक्त पाचवीतली एक बारकी पोर ओळ सोडून पळाली, घमेलं घेऊन आली आणि रोझीच्या कोपरातून गळणाऱ्या पाण्याखाली धरून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. सवयच ती.

बाई हसल्या. हा कसला खेळ म्हणून त्यांनी विचारलं. तेवढ्यात सिस्टर चर्चमधून बाहेर आल्या. त्यांनी हौद बघितला, साबणाचा फेस बघितला, मग माझ्या पिठाच्या हातांकडे बघितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पाहुण्यांना इंग्रजीत आणि मागोमाग आम्हाला मराठीत म्हणाल्या, "हा खेळ नाही. विहीर कोरडी आहे असं मी लिहिलं होतं, ते खरं आहे. हे आमच्या मुलींचं उद्याचं पिण्याचं पाणी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आज इथे भरलं गेलं."

मला वाटलं भुई फाटावी. पण सिस्टर माझा दोष शाळेच्या अंगावर घेऊन उभ्या होत्या, ते बघवेना. मी पुढं झाले. म्हटलं, "बाई, म्या भरलंय. सिस्टरला ठावं न्हाई. माझी नात दहावीत हाय. तुमच्या पोरी आल्या तर ती मॅट्रिक हुईल, न्हाई आल्या तर खडी फोडायला जाईल. म्हणून भरलं." सिस्टरांनी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नसावं, कारण बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, आणि उद्या मुली काय पिणार? सिस्टर म्हणाल्या, आजपासून अर्धा तांब्या. मीसुद्धा.

मग साबण लागलेलं पाणी पिण्यातून गेलंच होतं, ते झाडांना नेलं. सगळ्या मुलींनी घमेली भरली. रोझीनेही भरलं. निम्मं फ्रॉकवर सांडलं, पण तिनं घमेलं सोडलं नाही. मार्थानं तिला आपल्या जांभळाला घालायला लावलं. जेवताना सिस्टरांनी माझ्या पोळ्या पाचवीच्या पोरींना वाढायला सांगितल्या आणि पाहुण्यांना मुलींबरोबर मिलोची भाकरी. साहेबांनी दोन घास पाण्याशिवाय गिळले, तेव्हा मला त्यांची दया आली. सिस्टर मला एक शब्द रागावल्या नाहीत. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाल्या, सगुणाबाई, उद्या माझा चहा करू नका, ते पाणी बारक्या पोरींना द्या.

पाहुणे काही न सांगता गेले. तीन दिवसांनी योहान आला तो मार्थाला न्यायलाच. सिस्टरांनी त्याला खुर्ची दिली. आमच्या घरच्या माणसाला शाळेच्या ऑफिसात खुर्ची पहिल्यांदाच मिळाली. त्याच्याकडे त्यांनी आठ दिवस मागितले. हुकूम नाही केला, मागितले. त्याला नाही म्हणता आलं नाही.

सातव्या दिवशी गोव्याहून बाईंचं पत्र आलं. सिस्टरांनी ते मला आणि मार्थाला उभं करून वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की आम्ही चार शाळांना विचारलं, तीन शाळांनी बागेचे फोटो पाठवले. आमची विहीर कोरडी आहे असं एकाच शाळेने कळवलं. आम्ही इतक्या लांब असणार. रोझी आजारी पडली, नापास झाली, रडली, तरी आम्हाला पत्रावरच विसंबावं लागणार. तुमचं पत्र खरं असतं एवढं आम्ही डोळ्यांनी बघून आलो. जूनमध्ये तिघी बहिणी येतील.

ते पत्र घेऊन सिस्टर एस.टी.ने पुण्याला गेल्या. उन्हाळ्यात, दोन दिवस. मठात काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण येताना वरच्या वर्गांची परवानगी घेऊन आल्या आणि तापाने पडल्या. मी त्यांच्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. त्या तापातही रिकाम्या खाटांवर कोणकोण येतील ते मोजत होत्या.

मार्था मॅट्रिक झाली. पेपरात नंबर आला तो गुरुजींनी बोट ठेवून दाखवला. आता ती नगरला मास्तरणीचं शिकते. रोझी यंदा नववीत आहे. तिच्यामागून मोंबासाच्या आणि दार-ए-सलामच्या मुली आल्या. मराठी अशी बोलतात की गुरुजींना वेड लावतात. आणि परमुलखातल्या आयांनो, विहिरीला आता पाणी आहे. पण सिस्टरांनी घमेल्याची रीत बंद केलेली नाही, तेव्हा मुलीला आधीच सांगून पाठवा.

या जूनमध्ये योहान धाकट्या लेकीला, सुशीलाला, घेऊन आला. शाळा उघडायला अजून आठ दिवस होते. सिस्टर म्हणाल्या, योहान, इतक्या लवकर का आणलीस? तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "उशीर केला आन् खाट भरली तर, सिस्टर?"

सुशीला पाचवीत आहे. तिच्या मॅट्रिकला अजून सहा वर्षं लागतील. सिस्टर, तोवर तुमची बदली होऊ नये, गुडघे दुखू नयेत आणि वरून कसलं पत्र येऊ नये, एवढं मी रोज देवाकडे मागते. सहा वर्षं झाली की पुढचं मागेन. पुढं मार्थाच्या लेकी यायच्या आहेत.