दोन ॲप आणि सयाजीरावांचा एक तारा

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी. आज पाण्याचा दिवस नाही. झेंडू महाग, तरी पाव किलो घेतला. शिलाई मशीनची पूजा केली. दुपारी तळमजल्यावरचे सयाजीराव भालेकर वर आले. फोन हातात. चहा घेतला नाही.

त्या दिवशीच्या डायरीत एवढंच आहे. बाकीचं आता लिहिते. सयाजीरावांना विचारूनच लिहिते आहे.

सयाजीराव मूळचे इथले, तळवड्याचेच. त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात त्यांचं लेथ मशीन आहे. चाकणच्या एका कारखान्यासाठी ते सुटे भाग करून देतात. त्या कारखान्याची अट अशी की भागांची ड्रॉइंग नेहमीच्या ॲपवर पाठवायची नाहीत, दुसऱ्या, जास्त गुप्त समजल्या जाणाऱ्या ॲपवरच पाठवायची. म्हणून त्यांच्या फोनात दोन्ही होती. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईही मग त्या दुसऱ्याच ॲपवर बोलून निरोप पाठवू लागल्या. नेहमीच्या ठिकाणी गुड मॉर्निंगच्या फुलांत डब्याचा निरोप हरवायचा.

रुक्मिणीबाई जानेवारीत गेल्या. तेव्हापासून सयाजीराव गाळ्यात डबा उघडायच्या आधी त्यांचा एखादा जुना निरोप लावत आणि मग जेवत.

खंडेनवमीला ते लेथ उघडून साफ करतात. लोखंडाचा कीस काढायचा, रॉकेलने भाग पुसायचे, तेल द्यायचं, पुन्हा जोडायचं, मग हळदकुंकू. फोन अलीकडे अडकत चालायचा. ड्रॉइंग त्यावरच येतात, म्हणजे तोही हत्यारच. त्यांनी त्याचंही तसंच केलं. दोन्ही ॲप काढून टाकली, फोन पुसला आणि दोन्ही पुन्हा घातली.

एक भरलेलं परत आलं. दुसरं रिकामं.

"बाई, ह्यात काय बी न्हाई," ते दारातच म्हणाले. "पोरीनं मागं माझा फोन बदलला तवा समदं जसंच्या तसं आलं व्हतं."

"ते कुठल्या ॲपचं, सयाजीराव?"

त्यांनी नेहमीच्या ॲपवर बोट ठेवलं. दुसरं तेव्हा फोनात नव्हतंच.

मी त्यांची मुलगी दिव्या हिला सांगवीला फोन लावला. तिने समजावलं ते असं: दोन्हीकडे निरोप कुलूपबंदच जातात, वाटेत कुणाला ऐकता येत नाहीत. पण नेहमीच्या ॲपची एक प्रत बाहेर राहील अशी सोय तिने करून दिली होती. दुसऱ्याची प्रत फक्त फोनात होती. ॲप काढलं तेव्हा तीही गेली. आईचा फोन तेराव्यानंतर कोरा करून भाच्याला दिलेला.

"म्हंजी कंपनीकडं तरी असंल की," सयाजीराव म्हणाले. "त्यांच्याकडूनच गेलंय ना समदं? तुमी लिवा त्यांना. चांगलं कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत लिवा, आमच्या चाकणच्या न्हाई."

लिहायची जागा एकच सापडली, ॲपखाली लोक अभिप्राय देतात तिथे. मी आधी इतरांचे वाचले. एकाने लिहिलं होतं, ज्यांनी हे बनवलं त्यांनाही आपलं बोलणं ऐकता येत नाही, म्हणून पाच तारे. त्याच्याच खाली एका बाईंचा एक तारा: नवा फोन घेतला आणि सगळं गेलं. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होती. मी हे सयाजीरावांना वाचून दाखवलं नाही.

त्यांनी सांगितलं तसं मी त्यांच्याच फोनवर टाइप केलं. पत्नीचं नाव घातलं. कुठला निरोप हवा ते ओळखू यावं म्हणून त्यात काय होतं तेही त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीतून खाली थांबलेल्या कारखान्याच्या बसकडे बघत होते.

"शब्द पाठ हायेत मला," ते म्हणाले. "आवाज येत न्हाई."

तारा दिल्याशिवाय अभिप्राय पुढे जाईना.

"किती देऊ?"

"समदं आल्यावर पाच. आता एकच द्या. लक्ष तरी जाईल."

पुढे ते रोज वर यायचे. उत्तर आलं का, एवढंच विचारायचे. मी चहाचं आधण दोन कपांचं ठेवू लागले. दिवाळीच्या आधी उत्तर आलं. मी ते त्यांना मराठीत सांगितलं: आपल्या पत्नीबद्दल वाचून वाईट वाटलं. ते निरोप आमच्याकडे कधीच नव्हते. आम्हाला ते ऐकता आले नसते. म्हणून परत देता येत नाहीत.

सयाजीरावांनी कप खाली ठेवला.

"कधीच नव्हते?"

"नाही."

"म्हंजी ती बोलली ते दुसऱ्या कुणीच ऐकलं न्हाई?"

"नाही. फक्त तुम्ही."

खाली शिफ्टची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. मग त्यांनी विचारलं, "आन् आपण लिवलंय ते कोण कोण वाचतं?"

"ते सगळ्यांना दिसतं. जगात कुणालाही."

"तिचं बोलणं बी?"

मी मान डोलावली.

"काढा ते," ते म्हणाले. "बाई, आत्ताच्या आत्ता काढा."

"अहो, पण अजून एकदा विचारून बघू. दुसरं कुणीतरी..."

"न्हाई. कंपनीला ऐकाया मिळालं न्हाई, आन् मीच चावडीवर नेऊन लावलं व्हय? काढा."

मी अभिप्राय काढला. तारा गेला, खालचं उत्तरही गेलं. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, खात्री करून घेतली आणि खिशात घातला.

दारापाशी ते थांबले. "तुमच्या त्या वहीत लिवणार असाल तर माझं लिवा. तिचं नको."

म्हणून रुक्मिणीबाई काय म्हणाल्या होत्या ते इथे नाही.

त्यानंतर सयाजीराव वर आले नाहीत. यायला काही कामही उरलेलं नव्हतं. दुपारी एकच्या सुमाराला गाळ्यातलं लेथ बंद होतं, ते माझ्या गॅलरीत ऐकू येतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं.

अभिप्राय काढला त्या संध्याकाळची डायरीतली नोंद: पाणी उशिरा आलं, पिंप अर्धंच भरलं. दुपारचा एक कप चहा उरला होता, तो ओतून दिला.