दुधाच्या टेम्पोतलं पिल्लू

कच्च्या दुधाचा वास आला की मला भाटघरहून निघणारा तो सकाळचा टेम्पो आठवतो. आमचं कुत्र्याचं पिल्लू घराच्या स्लॅबवरून पडलं होतं. मागचा पाय लोंबत होता, डोळे मिटलेले. दूध गोळा करणारे टेम्पोवाले काका म्हणाले, "बस पोरी, आज मधी कुठं थांबायचं न्हाई." वाटेत कॅन घेऊन उभी असलेली माणसं ओरडत राहिली, काकांनी हॉर्न दाबूनच ठेवला. भोरला गुरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पाय बांबूच्या कामट्यांनी बांधला आणि तोंड उघडून पाहायला गेले, तर पिल्लानं त्यांचं बोटच धरलं. "चावतंय म्हंजी जगतंय!" डॉक्टर बोट झटकत हसले. आता ते दांडगं कुत्रं रोज सकाळी त्याच टेम्पोमागं भुंकत धावतं आणि काका खिडकीतून ओरडतात, "आरं, म्याच नेलं व्हतं की रं तुला!"