तीन थरांचं कार्ड

चौदा फेब्रुवारीला सकाळी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर खाकी कागद, स्टीलची पट्टी आणि कटर मांडला. मिस्टरांना जाऊन चार महिने झाले होते. या वर्षी कार्ड झालं नाही, तर पुढे ते कधीच होणार नाही, हे मला ठाऊक होतं. मला ते बंद पडू द्यायचं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत त्यांनी इतवारीच्या बाजारातून माझ्यासाठी साडी आणली होती. कार्ड घ्यायचं राहून गेलं, म्हणून साडीला लटकवलेला किमतीचा पुठ्ठा त्यांनी काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या. वरचे दोन कोपरे तिरपे कापलेले, मधोमध भोक, त्यात दोरा. तेव्हापासून आमचं कार्ड याच आकाराचं. दरवर्षी एकच, दोघांचं मिळून. खाली खाकी जाड कागद, त्यावर जुन्या लग्नपत्रिकेचा रंगीत कागद, आणि सगळ्यात वर लिहिण्यासाठी पांढरा. ते एका आर्किटेक्टकडे नकाशे काढत, म्हणून कापणं त्यांचं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून लिहिणं माझं. एकोणीस वर्षांत मी कटरला हात लावला नव्हता.

सासूबाई मेथी निवडायला समोर येऊन बसल्या. त्या मूळच्या कुही गावाकडच्या.

"काहून वं, कागद काहून कापून राहिली?"

"कार्ड करते आहे."

त्यांच्या लक्षात आलं.

"वर्ष नाही झालं अजून. आपण तीळगूळ केला नाही. होळीले पोळीबी नाही करणार. अन् हे?"

"आई, हा आपला सण नाहीच, असं तुम्हीच दरवर्षी म्हणायच्या."

"थे तर मी आजबी म्हणतो."

"मग जो सणच नाही, तो वर्षभर पाळायचा नाही, असं कसं?"

"मास्तरणीच्या तोंडी कोण लागन!" असं म्हणून त्यांनी मेथीची दुसरी जुडी सोडली. पण उठून गेल्या नाहीत.

कापणं जमेना. तिन्ही थर एकापेक्षा एक चार मिलिमीटर लहान हवे होते. सरळ कडा नीट आल्या, पण तिरप्या कोपऱ्यांशी येऊन सगळं बिघडे. मी प्रत्येक थराच्या कोपऱ्यावर सारखंच माप घेत होते, त्यामुळे खालच्या थराची पट्टी एकीकडे जाड, एकीकडे बारीक दिसे. असे पाच कागद वाया गेले. सहाव्या वेळी लहान थर मोठ्यावर ठेवला आणि मोठ्याची तिरपी कड धरून तिला समांतर रेघ मारली. मग कापला. जमलं. मिस्टर हे इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. मीही कधी विचारलं नव्हतं.

"जमलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"जमलं."

"त्याच्यावानी नाही झालं."

"नाही झालं."

डिंकाची बाटली उघडली, तर आत खडा झालेला. मी चप्पल घालून खाली दुकानात निघाले, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "थांब." त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं होतं. दिवाळीच्या शंकरपाळ्यांसाठी आणलेला मैदा तसाच पडून होता. त्याची त्यांनी खळ शिजवली आणि वाटीत काढून माझ्यासमोर ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"थंडी होऊ दे आधी," त्या म्हणाल्या. "गरम लावशील त कागद फुगन."

मी तिन्ही थर चिकटवले, वर दोन शब्दकोश ठेवले आणि शाळेच्या वह्या तपासत बसले. तासाभराने शब्दकोश उचलले. पांढऱ्या थरावर, डाव्या बाजूने, पिवळे डाग उमटले होते. खळ पिवळसर दिसली होती, पण मी ती जुन्या मैद्याची समजले होते.

सासूबाई वाकून बघायला आल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"हळद! किडे लागू नाही म्हणून चिमूटभर टाकतो ना मी खळीत. हात सवयीनं गेला वं."

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या इमारतीत घरोघरी हळदीकुंकू झालं. आमच्या दारावरून बायका वाटीतलं वाण झाकून, हळू बोलत जिन्याने उतरत. तेव्हा त्या आणि मी, दोघी आत दिवाणावर बसून राहायचो. त्या का घाबरल्या, हे मला सांगावं लागलं नाही.

"फेकून दे. दुसरा काप," त्या म्हणाल्या. "कागद आहे ना?"

कागद होता. हातही आता बसला होता. पण मला तो थर काढायचा नव्हता.

"राहू द्या. वाळला की मी यावरच लिहिते."

"लोक काय म्हणतीन?"

"विचारलं तर सांगू."

दुपारी भोक पाडलं, पांढरा दोरा ओवला, आणि डाग चुकवून नव्हे, तर सरळ डागांवरूनच पाच ओळी लिहिल्या. कार्ड मिस्टरांच्या फोटोजवळ उभं करून ठेवलं.

संध्याकाळी नणंद आली. चप्पल काढता काढताच तिचं लक्ष गेलं. "वहिनी, हे काय? कुणी दिलं?"

ते उचलून कपाटात ठेवावं, असं एक क्षण वाटलं. मी उठले नाही.

"मी केलं. तुझ्या दादाचं आणि माझं असतं दरवर्षी."

"वर्षाच्या आत? अन् हे पिवळं काय लागलं? आई, तू पण काही बोलली नाही?"

"खळ मीच करून देली," सासूबाई म्हणाल्या. "हळदबी माह्याच हातची हाय. तुले काही बोलाचं असन त मले बोल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय लिवलं थे वाच. इतके वर्ष झाले, मले कधी वाचून नाही दाखवलं दोघांनी."

मी कार्ड हातात घेतलं. घरात, सगळ्यांसमोर मी त्यांना नेहमी अहो म्हणत आले. कार्डावर मात्र तू लिहायचे. पहिल्याच शब्दाला माझा आवाज खाली गेला. तरी पाचही ओळी वाचल्या: कोपरे मी कापले आहेत, तुझ्यासारखे आले नाहीत, पाच कागद फुकट घालवले, हळद आईंच्या हातून लागली आणि मी ती ठेवली, पुढच्या वर्षी याहून बरं कापेन.

नणंद जमिनीकडे बघत बसली होती.

"सुरुवातीचं ऐकू नाही आलं वं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा वाच."

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून, मोठ्याने वाचलं.