हिरव्या तारेची कडी

तळोद्याहून डोंगरात जाणारं डांबर जिथे संपतं तिथे एक शाळा आहे. आबांच्या गाडीचा तो शेवटचा थांबा. आबा म्हणजे माझे वडील. पाच शिक्षकांना ते रोज सकाळी वर नेतात आणि संध्याकाळी खाली आणतात. शाळेपुढे गाडी वळवायला जागा नाही. उजवीकडे हातपंपाचा सिमेंटचा ओटा, डावीकडे नाला, आणि मधल्या पट्टीत गाडी मागे घेऊन तोंड फिरवायचं. नाल्याला कठडा नाही.

पूर्वी तिथले मुख्याध्यापक उतरल्यावर गाडीच्या मागे उभे राहायचे आणि पत्र्यावर हात मारायचे. बारीक बारीक थापा म्हणजे येऊ दे. एक मोठी थाप म्हणजे थांब. आमच्याकडे सगळ्याच गाड्या अशा मागे येतात. थाप ऐकून आबा डोळे मिटूनही गाडी वळवतील असं सर म्हणायचे. मग सरांची बदली झाली. त्याच उन्हाळ्यात आबांची मान धरली. औषधाने ती उजवीकडे सुटली, डावीकडे सुटली नाही. डावा आरसा बघायचा तर त्यांना कंबरेपासून वळावं लागतं.

नवे शिक्षक चांगले आहेत, पण उतरले की त्यांना वर्ग उघडायची घाई असते. एकदा मागे कोणीच नव्हतं. आबा नाल्याला भिऊन जरा जास्तच उजवीकडे आले आणि ओट्यावर आपटले. मागचा दिवा फुटला. त्या पाचांतल्या एक मॅडम अजून गाडीतच होत्या. संध्याकाळी उतरताना त्या आबांना म्हणाल्या, "वाईट मानू नका, पण आम्ही पुढच्या महिन्यापासून दुसरी गाडी बघतोय."

हे आबांनी मायला सांगितलं, मला नाही. मी चुलीजवळ बसून ऐकलं. ते पाच जण गेले तर गाडी अंगणात उभी राहणार आणि आबा तिच्याशेजारी, हे मला न सांगताही कळत होतं.

मागे बघायचा कॅमेरा बसवायची कल्पना माझी. मी नंदुरबारला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. तिथल्या दुकानात कॅमेरा आणि छोटा पडदा मिळाला, पण बसवणारा माणूस म्हणाला, गाडी दिवसभर सोडून जा, आणि रविवारी आम्ही नसतो. आबांना रविवारशिवाय दिवस नव्हता.

"तू फिजिक्स शिकस ना?" आबा म्हणाले. "मंग तूच लाव."

मी हो म्हणाले. खरं म्हणजे प्रयोगशाळेत मी दोन तारा जोडल्या होत्या त्या लाकडी फळीवर, समोर सर उभे असताना. गाडीची एकही तार मी कधी उघडी पाहिली नव्हती. पण आबांनी ते असं विचारलं होतं की नाही म्हणायला जागाच उरली नाही.

रविवारी सकाळी आधी बॅटरीची काळी तार सोडली. एवढं मला पक्कं माहीत होतं. मागच्या दाराचं आतलं प्लास्टिक काढताना एक क्लिप कट्कन तुटली. आबा पुढे सीट उचलत होते, त्यांचं लक्ष नसावं. मी ती खिशात टाकली. कॅमेरा नंबरप्लेटच्या वर बसवला, त्याची पिवळ्या टोकाची लांब तार पायपुसण्यांखालून पुढे नेली, पडदा काचेखाली चिकटवला. मग बॅटरी पुन्हा जोडून, आबांना रिव्हर्स गिअर टाकायला लावून, टेस्टरच्या दिव्याने मागच्या पांढऱ्या लाइटची तार शोधली. ती सापडल्यावर बॅटरी परत सोडली आणि कॅमेऱ्याची लाल तार तिला जोडली. काळी तार पत्र्याला. प्रत्येक जोड मी दोनदा ओढून बघत होते. पाठीला घाम येत होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

"हरेक तार दोनदा का बरं ओढस?" आबा म्हणाले.

"तशीच पद्धत असते," मी म्हणाले.

दुपारी बॅटरी जोडली, आबांनी रिव्हर्स टाकला, पडदा निळा झाला आणि मग त्यात आमचं अंगण आलं. माय पदर खोचून मागे उभी होती. ती पडद्यात दिसली तेव्हा आबा नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "गाडीले पाठवर डोया उना." गाडीला पाठीवर डोळा आला.

माय बाहेरून ओरडली, "आते मन्ही गरज नई ना? इतला वरीस येवू दे, येवू दे करी घसा बसना मन्हा."

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला नीट तपासायचं होतं. मी माझं फिजिक्सचं पुस्तक आणलं आणि मायला कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितलं. पडद्यावर नाव उलटं आलं, आरशात येतं तसं.

आबा सातवीपर्यंत शिकलेत. ते पुढे झुकून बघत होते. "अक्षरं उलटा दिखी ऱ्हायनात," ते म्हणाले.

मला वाटलं, कुठलीतरी तार चुकली. खोक्यातला कागद काढला. बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी एकेक शब्द लावत वाचलं: कॅमेऱ्याजवळ हिरव्या तारेची एक छोटी कडी आहे, ती कापली की चित्र उलटतं. कडी खरंच होती, बोटाच्या पेराएवढी. मी पक्कड घेतली आणि कापली.

अक्षरं सुलट झाली. आबांनी पुस्तकाचं नाव हळूहळू, जोडाक्षरांवर थांबत, मोठ्याने वाचून दाखवलं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर माय गोठ्यातून बादली घेऊन गाडीच्या मागून स्वयंपाकघराकडे गेली. मी आबांच्या बाजूला बसले होते. पडद्यात ती ज्या बाजूने आली ती मला चुकीची वाटली. गोठा आमच्या डावीकडे आहे. पडद्यात ती उजवीकडून आली. मी वळून मागे बघेपर्यंत ती घरात गेली होती. मी मनाशी म्हटलं, अक्षरं वाचता येतात म्हणजे चित्र बरोबरच असणार. चुकीच्या चित्रात अक्षरं कशी वाचता येतील? आणि आबा इतके खूश होते. मी पक्कड आणि टेप दप्तरात टाकली.

आबांनी गाडी दोनदा मागे घेतली, पण आमचं अंगण सरळ आहे. सरळ मागे येताना उजवं-डावं चुकलेलं कळत नाही.

सोमवारी आबा म्हणाले, "तू बी चाल. काही व्हयनं त तू ऱ्हाशी." मी कॉलेज बुडवलं आणि अगदी मागच्या सीटवर बसले. मॅडम आबांच्या शेजारी बसल्या.

"आबा, टीव्ही घेतला?" मधल्या सीटवरच्या एका सरांनी विचारलं. "सिरियल लागते का यावर?"

"मन्ही आंडेरनी लायेल शे," आबा म्हणाले. माझ्या मुलीने बसवलाय. असं त्यांनी कधी कोणाला माझ्याबद्दल सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "स्वतः? कुठे शिकलीस?"

"कॉलेजात," मी म्हणाले. आणि ते खोटं होतं.

घाटात वरून बस आली. आबांना थोडं मागे यावं लागलं. पडदा लागला. मी मागच्या काचेतून बघत होते. आमच्या डाव्या अंगाने, डोंगराकडच्या बाजूने, एक मोटरसायकल दबकत पुढे आली. मी मान फिरवून पुढे पडद्याकडे बघितलं. पडद्यात मोटरसायकल उजव्या कडेने जात होती.

आता शंका उरली नाही.

शाळा अजून वीसेक मिनिटांवर होती. सांगायला एक वाक्य पुरत होतं. आबा, पडदा उलटा आहे, बघू नका. पण गाडीत पाच जण होते, आणि त्यातल्या मॅडम दुसरी गाडी बघणार होत्या, आणि आबा नुकतेच म्हणाले होते की माझ्या मुलीने बसवलाय. मी वाक्य तोंडात जुळवत होते. प्रत्येक वळणावर वाटायचं, हे वळण झालं की सांगू.

"आबा," मी एकदा म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

मग मी ठरवलं, शाळेजवळ सगळे उतरले की हळूच सांगते. तोवर ते मागे येणार नाहीत. हे ठरवल्यावर मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच वाईट होतं.

कारण शाळेजवळ सगळे उतरले आणि आत गेलेच नाहीत. त्यांना कॅमेरा बघायचा होता. मॅडम आबांच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, सर त्यांच्या मागे, आणि आबांनी, मी अजून मधली सीट पाडून बाहेर निघत असतानाच, रिव्हर्स टाकला. त्यांना दाखवायचं होतं. मागे कोणी नको, थापा नकोत, मान नको.

मी दारातून उडी मारली तेव्हा गाडी चालू लागली होती. पडद्यात नाला त्यांना उजवीकडे दिसत असणार. म्हणून ते डावीकडे घेत होते. नाला डावीकडेच होता, हे त्यांना पाठ होतं, पण डोळे पडद्यावर होते आणि हात डोळ्यांचं ऐकत होते. ते जितकं वाचवत होते तितकं जवळ जात होते, आणि पडद्यात नाला आणखी जवळ आला की आणखी वळवत होते.

मी "आबा" म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही. मागचं चाक कडेच्या खडीवर आलं. खडी घरंगळून खाली गेल्याचा आवाज मला ऐकू आला. मी धावले आणि दोन्ही हातांनी पत्र्यावर मारलं. एकदाच, जितक्या जोरात मारता येईल तितकं.

गाडी जागच्या जागी थांबली.

आबांनी वळून बघितलं नाही, पडद्याकडेही नाही. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी हात-दीड हात पुढे घेतली. मग उतरून ते मागे आले आणि चाकाची खूण बघत उभे राहिले. खूण कडेपासून वीतभर होती.

"पडदा उलटा आहे," मी म्हणाले. "डावं उजवीकडे दिसतं. मी काल ती हिरवी तार कापली ना, त्याने. आधी बरोबर होतं. अक्षरं आरशासारखी उलटी दिसत होती तेच बरोबर होतं." मग न विचारताच पुढचंही सांगितलं. "मला काल थोडं वाटलं होतं. घाटात पक्कं कळलं."

"घाटमा?" आबा म्हणाले. "मंग तव्हय का बरं नई सांगं?"

मी मॅडमकडे बघितलं, मग खाली. आबांना ते उत्तर पुरलं असावं.

वऱ्हांड्यात पोरं रांगेत उभी राहून आमच्याकडे बघत होती. शेवटी आबा म्हणाले, "जोडाई का ती?"

तुटलेल्या क्लिपमुळे दाराचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सैलच होतं. मी तिथून हात घालून कडीची दोन टोकं बाहेर काढली, दातांनी सोलली, पीळ दिला, आणि दप्तरातली टेप गुंडाळली. या वेळी पुस्तक धरायचं कोणाला सुचलं नाही. सर नाल्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, मॅडम हातपंपाच्या.

"आबा, डावीकडे कोण?" सरांनी विचारलं.

"तुम्ही."

"नक्की ना? नाहीतर मीच आधी नाल्यात."

"तुम्हीच. मॅडम उजवीकडे. हात वर कयेल शे त्यासनी."

मॅडम हात खाली घेऊन गाडीच्या मागे आल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांनी पर्स खांद्यावरून काढून माझ्याकडे दिली.

"किती थापा मारायच्या?" त्यांनी मला विचारलं.

"बारीक बारीक मारत राहायच्या. आणि थांबवायचं तर एकच मोठी."

आबांनी गाडी मागे घेतली. मॅडमना सवय नव्हती, त्या दार ठोठावल्यासारख्या थापा मारत होत्या. शेवटी त्यांनी मोठी थाप मारली, जरा लवकरच मारली, आणि आबा तिथेच थांबले. पडद्यात अजून जागा दिसत असली पाहिजे. तरी ते थांबले. मग तोंड फिरवून गाडी उभी केली.

मॅडमनी पर्स घेतली. "संध्याकाळी पाचला," त्या आबांना म्हणाल्या. रोज म्हणतात तसंच. दुसऱ्या गाडीचा विषय त्यांनी काढला नाही. पुढच्या महिन्यातही काढला नाही. पण त्या दिवशी ते आम्हाला माहीत नव्हतं. खाली उतरताना मी पुढे आबांच्या शेजारी बसले होते आणि दोघांच्या मनात तेच होतं.

घाट अर्धा उतरलो. मी समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. मग ते म्हणाले, "आनखी काही शे का? सांगेल नई असं?"

मी खिशात हात घातला. रविवारपासून तोच पंजाबी ड्रेस होता. प्लास्टिकचा तुकडा तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरला.

"मागच्या दाराची एक क्लिप तुटली."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"एक नई," ते म्हणाले, "दोन तुटेल शेत. खालनी तू पाहीच नई."