मी न काढलेले फोटो

रियाधच्या आमच्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला इंग्रजीच्या बाईंनी एक जुनं नाटक शिकवायला घेतलं. गावातल्या मुली रानात नाचतात, पकडल्या जातात, आणि स्वतःची कातडी वाचवायला एकेकीला चेटकीण ठरवत सुटतात. अख्खं गाव त्यांच्यावर विश्वास ठेवतं. शेवटी एका माणसाला सांगतात, खोट्या कबुलीवर सही कर, सुटशील. तो करत नाही, फासावर जातो. पुस्तक दुकानात मिळेना म्हणून झेरॉक्स वाटल्या होत्या, आणि नाचाच्या पानावर कुणीतरी काळा मार्कर फिरवला होता. साहजिकच ते पान आम्ही उजेडाला धरून सगळ्यात आधी वाचलं.

त्या माणसापायी माझी मैत्रीण भर वर्गात रडली. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. मी म्हटलं, "सहीच तर करायची. करून टाकावी, मोकळं व्हावं." ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू झालं. पडदे ओढून, टेपचा आवाज बेताचा ठेवून आम्ही मुली नाचलो आणि मैत्रिणीने फोटो काढले. तिच्या बाबांनी बहारीनहून कॅमेऱ्याचा मोबाईल आणला होता. तसल्या मोबाईलला तेव्हा तिथे बंदी होती, म्हणून तर त्याचं एवढं अप्रूप. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी शाळा उघडली तेव्हा ती तो अबायाच्या खिशात घालून आली आणि बाथरूममध्ये दोघीतिघींना फोटो दाखवले.

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी झाली की बाथरूममध्ये कुणीतरी मुलींचे फोटो काढतंय. एक मुलगी लॅबमध्ये भोवळ येऊन पडली. मग दुसरी पडली. ज्या मुली त्या मजल्यावर फिरकल्याही नव्हत्या त्या शपथेवर सांगू लागल्या की डोळ्यांवर फ्लॅश आला. फोटो मुलांच्या शाळेत पोचलेत, असंही ठरून गेलं. हेडमिस्ट्रेसनी एकेकीला आत बोलावलं. "नाम बताओ, तुम्हें कुछ नहीं होगा." माझी मैत्रीण आत गेली आणि माझं नाव सांगून आली. मोबाईल माझा, फोटोही मीच काढले. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता पाण्याच्या कूलरपाशी गेली.

मी संतापले होते, पण घाबरले नव्हते. फोटो आईसमोरच काढले होते. "माझा नको गं, केस बघ कसे झालेत," म्हणून तिने पदर तोंडावर घेतला होता. ती एक शब्द बोलली की झालं.

संध्याकाळी मैत्रिणीची आई आमच्याकडे आली. मोबाईल त्यांनी फोडून कचऱ्यात टाकला होता. शाळेला माझ्या सहीचा कबुलीजबाब हवा होता, नाहीतर सगळ्या घरांची चौकशी होणार होती. "वहिनी, ह्यांचं नाव आलं तर कंपनीत गाजेल. आता पोरीने सांगितलंच आहे तर..." त्यांच्या यजमानांनीच माझ्या बाबांना व्हिसा देऊन रियाधला आणलं होतं. बाबांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दर वर्षी त्यांच्याच शब्दावर रिन्यू व्हायचा. आईने काकूंना चहा दिला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "करून टाक सही. दोन दिवसांत खलास होईल."

"पण आई, तू बघितलंयस."

"मी काही बघितलं नाही," असं म्हणून आई कप विसळायला गेली.

मैत्रिणीने दगा दिला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पेनाने मी सही केली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

शाळेने मला वार्षिक परीक्षेला बसू दिलं आणि मग दाखला हातात ठेवला. बारावीसाठी मला एकटीला नाशिकला मामाकडे पाठवायचं ठरलं. पेपरात प्रश्न आला होता, त्या माणसाने सही का केली नाही? मी ते उत्तर लिहिलंच नाही. मैत्रिणीला इंग्रजीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले, हे मला आईनेच कौतुकाने सांगितलं.

निघायच्या दिवशी ती खाली आली. माझ्या बॅगा दारात होत्या.

"रागावलीस का गं?" तिने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे गं, ती कशाला रागावेल?" आणि मैत्रिणीच्या गालावरून हात फिरवला.