सावलीत लावलेली बोट

नेरकरांच्या मोरीतला नळ कधीपासून गळत होता, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. मुलगा अवधूत शाळेत जायचा तेव्हा गळत होता, आणि आज तो पुण्यात स्वतःच्या लेकीला शाळेत सोडतो तरी गळतोच आहे. "रविवारी बघतो," असं वामनराव म्हणायचे. यवतमाळच्या एका कचेरीत धरणांचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या आयुष्यात रविवार म्हणून काही आलाच नाही. सुचित्राताई नळाखाली बादली ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. म्हणजे गप्प बसायच्या नाहीत, पण उपयोग तेवढाच व्हायचा.

निवृत्तीनंतर वामनरावांना मोबाइलवर एक परदेशी जोडपं दिसलं. ते बोटीवरच राहायचं. सकाळी उठून समुद्र बघायचा, फाटलेलं शीड शिवायचं, इंजिन खोलायचं, आणि पुन्हा समुद्र बघायचा. वामनरावांनी जाहीर केलं की उरलेलं आयुष्य आपण दोघांनी असंच काढायचं. यवतमाळहून समुद्र किती लांब आहे, हे नकाशे काढणाऱ्या माणसाला कोण सांगणार? शेवटी त्यांनी मोठ्या मनाने आर्णीच्या बाजूच्या धरणावर भागवून घेतलं. त्या धरणाचा नकाशा त्यांच्याच हातचा होता.

"मला पोहता येत नाही," सुचित्राताई म्हणाल्या.

"मलाही नाही. म्हणूनच तर बोट!"

"आधी तो नळ दुरुस्त करा. तोपर्यंत तुमच्या बोटीत मी पाय ठेवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"रविवारी बघतो," वामनराव म्हणाले.

बोट बांधली यवतमाळजवळच्या लोहारा गावच्या रूपसिंगने. पाण्याचे टँकर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाणी आत कोंडायचं काम त्याने जन्मभर केलं होतं. ते बाहेर ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. खाली लोखंडी टाक्या, वर पत्र्याची खोली, मागे मोटर. पेंटरने सवयीप्रमाणे मागच्या बाजूला कमळ काढलं, त्याखाली 'सुचित्रा' असं नाव टाकलं, आणि त्याखाली 'अंतर ठेवा' असंही लिहून दिलं.

"इतकी वर्षं तेच तर करून राहिले," सुचित्राताई म्हणाल्या.

हिवाळाभर वामनराव धरणावर आणि सुचित्राताई यवतमाळात. रोज संध्याकाळी फोन यायचा. आज वारा वायव्येकडून आहे. आज मोटरच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं, ते पाण्यात अर्धं लोंबकळून सोडवलं. आज तळाच्या जोडातून पाणी झिरपत होतं; गंज खरवडला, काथ्या ठोकला, वर डांबर भरलं. ज्या माणसाने घरात कधी बल्ब बदलला नाही, तो आता काथ्या ठोकत होता. सुचित्राताई ऐकून घ्यायच्या.

"मग थांबलं पाणी?"

"थेंब येत नाही!"

त्या फोन ठेवून द्यायच्या. मग सगळ्या घरात एकट्या नळाचा आवाज यायचा, टप, टप. बादली भरली की त्या ती कुंडीत रिकामी करायच्या आणि पुन्हा नळाखाली ठेवायच्या.

ऊन तापू लागलं तसं वामनरावांमधला यवतमाळकर जागा झाला. आपल्याकडे माणूस गाडी लावायला जागा बघत नाही, सावली बघतो. मग दुकान मागे राहिलं तरी चालेल. वामनरावांनी बोटही तशीच लावली. काठाशी पाण्यावर झुकलेलं एक मोठं करंजाचं झाड होतं, त्याच्या गार सावलीत त्यांनी ती बांधली आणि पंधरवडाभर दुपारी झकास झोप काढली. धरणाचं पाणी उन्हाळ्यात कसकसं उतरत जातं, याच्या रेषा त्यांनी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. पण रेषा कागदावर होत्या आणि सावली अंगावर. एके दिवशी जाग आली तेव्हा बोट चिखलात बसली होती, आणि पाणी बरंच पुढे निघून गेलं होतं.

पाणी हटलेल्या त्या जमिनीवर रामराव दरवर्षी गाळपेर करायचा. त्याच्या टरबुजाचे वेल बोटीपर्यंत येऊन ठेपले.

"साहेब, हे तुमचं जहाज माह्या वावरात काहून आणलं?"

"मी नाही आणलं हो. पाणी गेलं. पावसाळ्यात पाणी चढलं की निघेल."

"तवापर्यंत मी काय लोखंड पिकवू?" रामराव म्हणाला, आणि वेल बोटीला वळसा घालून पुढे नेले.

वामनरावांनी फोन लावला. "सुचित्रा, आता बुडायची भीतीच नाही. ये. तुझ्यासाठी कूलर लावला, सोलरवर चालतो."

नळ तर गळतच होता. पण जिच्याखाली पाणीच नाही तिला बोट म्हणत नाहीत, तेव्हा शब्द मोडत नाही, असा सुचित्राताईंनी विचार केला. शेवयांचा डबा घेऊन त्या निघाल्या. शेवया हे निमित्त. खरं तर त्या हसायला निघाल्या होत्या.

टरबुजाच्या वेलांतून साडी सावरत त्या बोटीत चढल्या आणि पोटभर हसल्या. कूलर नेहमीसारखाच खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर, घराला लावतात तसा. शेवया खाऊन दोघं पडतात न पडतात तोच दुपारीच अंधारलं. आधी धूळ, मग वारा, मग गारा. वाऱ्याने कूलर असा धरला की स्टँड गेला, कूलर गेला आणि त्याच्याबरोबर खिडकीची चौकटही गेली. भगदाडातून पाऊस थेट गादीवर.

"फळी धर!" वामनराव ओरडले.

पलंगाची फळी त्यांनी भगदाडावर लावली, सुचित्राताईंनी ती पाठीने दाबून धरली. वामनरावांनी आडवी दांडी ठोकली, दोर ओवला, गाठ आवळली, फटींत चिंध्या कोंबल्या. हात क्षणभरही अडखळले नाहीत. असा नवरा त्यांनी संसारात कधी पाहिला नव्हता. वादळ सरलं तेव्हा दोघं चिंब होती, पण आत पाणी येत नव्हतं.

"हे सगळं येतं तुम्हाला?"

"शिकलो," वामनराव खुशीत म्हणाले.

"मग माझाच नळ काहून नाही केला?"

वामनरावांनी दोराची गाठ उगाच आणखी एकदा आवळली. "घरी तू बघून घ्यायचीस. मला वाटायचं, तुझं बरं चाललं आहे."

"नव्हतं चाललं! कोणी विचारलं?" सुचित्राताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. हसायला आलेल्या बाईला रडवावं, याचा त्यांना फार राग आला.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन वामनराव त्यांच्याबरोबर आर्णीहून यवतमाळच्या बसमध्ये बसले. रविवार नव्हता, सोमवार होता. घरी येऊन त्यांनी नळ खोलला, सडलेला वायसर काढला, नवा बसवला. इकडे चहाला उकळी येईपर्यंत काम संपलं. एवढ्यासाठी इतकी वर्षं!

सुचित्राताई कप घेऊन आल्या आणि मोरीच्या दारात थबकल्या. घर एकदम मुकं झालं होतं. हिवाळाभर आपल्याशी घरात कोण बोलत होतं, हे त्यांना आत्ता कळलं. हे परत धरणावर गेले की आता तेवढंही उरणार नव्हतं.

"पाणी कधी चढतं धरणात?"

"ऑगस्ट उजाडेल."

"तोवर इथंच राहा. मग मी पण येते. आणि त्या मेल्या झाडाखाली लावू नका."

नळाखालची बादली त्यांनी उचलली. आता तिचं काय करावं ते त्यांना सुचेना. मग बोटीतलं पाणी उपसायला काही तरी लागेलच, म्हणून त्यांनी ती हत्यारांच्या पिशवीशेजारी नेऊन ठेवली.