पोकळीतला हात

वहिनीचा हात बारीक होता आणि दिराला तेवढाच हवा होता. बाकीची वहिनी त्याला खाणीत नको होती, घरातही नको होती.

खडक ठोकत गेलं की एखाद्या ठिकाणी आवाज बदलतो. आत पोकळी असते. पोकळीत ओली चिकणमाती, मातीत हिरव्या खड्यांच्या कांड्या. तोंड मात्र जेमतेम वाटीएवढं. नवऱ्याचा पंजा त्यात शिरेना, म्हणून लग्नानंतर त्यानेच तिला खाली नेलं. पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा, बांबूच्या कामटीने माती उकरायची, खडा बोटांनी सोडवायचा. कांड्या काचेसारख्या कापतात. तिच्या उजव्या हाताला कोपराखाली धड कातडी उरली नव्हती. धुळीने नवरा खोकून खोकून गेला. ती खालीच राहिली.

नवऱ्याच्या वाट्याचं उजवं भुयार तिने मागितलं, तेव्हा दीर सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "एक मोठा खडा अखंड काढून दाखवा, भुयार तुमचं. नाहीतर घरी बसा, भांडी घासा." चारचौघांत बोलला होता, म्हणून शब्द गिळता येत नव्हता.

तो खडा तिला सापडला. दंडाहून जाड कांडी. तिने ती मुळापासून सोडवली, तोंडाशी आणली आणि तिथेच थांबली.

"अडकला वाटतं?" दिराच्या आवाजात साखर होती.

"तोंड लहान आहे."

"तोंड लहान, घास मोठा! सरका वहिनी, सुरुंग लावतो."

"चुरा होईल."

"होऊ दे. चुराही विकला जातो. चुऱ्यावर भुयार मात्र मिळत नाही."

ती हलली नाही. "लावा सुरुंग."

"आधी हात काढा."

"हात निघणार नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

"तुमच्या बापाची खाण आहे का?"

"तुमच्या बापाची आहे. म्हणूनच तुमच्या भावाचा वाटा आहे. छिन्नी घ्या, भाऊजी. ताकदीच्या गप्पा फार मारता, जरा दिसू तरी द्या."

त्याने शिव्या घालत छिन्नी घेतली. तिने आतली माती खड्याभोवती थापली, म्हणजे हादरा बसायला नको, आणि वरून मूठ आवळली. तो मुद्दाम तिच्या दंडालगत घाव घालू लागला. कपच्या गालावर उडत होत्या. "खाली," ती म्हणे. "अजून खाली." रागाने घातलेला घाव सहसा भरकटतो. त्याचा एकही भरकटला नाही. काम त्याला येत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

खडा मातीसकट बाहेर आला तेव्हा तिचा हात लाकूड झाला होता. दिराने पाण्याची बाटली उचलली. "धुऊन बघू तरी."

खालचा खडा गरम असतो. त्याच्यावर गार पाणी पडलं की तडकतो. हे दोघांनाही माहीत होतं.

"बाटली ठेवा," ती म्हणाली, "नाहीतर कामटी डोळ्यात जाईल."

तिने खडा गोणपाटात गुंडाळून पोटाशी धरला. पुरता निवल्यावर सगळ्यांसमोर धुतला. अखंड होता. दीर थुंकला आणि आपली हत्यारं डाव्या भुयारात घेऊन गेला.

बरेच दिवस गेले. मग एकदा तिच्या भुयाराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"पोकळी लागलीय. तोंड वाटीएवढंच आहे. हात हवाय."

तिने मान वर केली नाही.

"छिन्नी घ्या," ती म्हणाली.